वर गेलेला हात

पहाटेच्या धुक्यात कंपनीची बस संथ डुलत चालली होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पॅकिंग खात्यातल्या नणंद-भावजय बोलत होत्या. ड्रायव्हरला त्यांचे आवाज स्वप्नातल्यासारखे लांबून येत होते.

"अहो वहिनी, कालच्या सभेत युनियनसाठी तुम्ही हात वर केलात? परवापर्यंत तर 'नको ती भानगड' म्हणत होतात!"

"अगं, मी कुठलं मत देतेय? मला बाथरूमला जायचं होतं."

"म्हणजे?"

"कामावर हात वर केल्याशिवाय जागचं उठता येतं का? तीच सवय. सभेत डोळ्यांवर झोप होती, केला हात वर. नेमकं तेव्हाच युनियनवाल्यांनी विचारलं होतं, युनियन कुणाकुणाला हवी."

"अगंबाई! आणि मोजला तुमचा हात?"

"मोजला ना."

"मग काढायला सांगा. साहेबांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल!"

"तेच सांगायला उठले होते."

"मग?"

"कामावर हात वर करून ताटकळते गं मी. खांदा भरून येतो, पण सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो. काल मात्र हात वर गेला आणि लगेच कुणीतरी बघितला."

काचेवरून धुकं सरकत राहिलं.

"मग नाही सांगणार?"

"नाही. राहू दे तो वर."