सरदारीण रुइलानची बडबड

— तसं नव्हे पुट्टी, बाही ह्यांनी नाही, मीच चुकीची कापली, मघापासून सांगतेय ना — हात जरा वर, हां, तसाच ठेव — माप बरोबर होतं, कापड बरोबर होतं, माझंच ध्यान नव्हतं, म्हणून डावी बाही तुझी झाली आणि उजवी तुझ्या आजीची. घाबरू नकोस, काखेत शिवण आत घेते, कुणाला दिसायची नाही. अक्काच्या लग्नात सगळे अक्काकडे बघतील, तुझ्या काखेत कोण बघतंय. फक्त हलू नकोस आणि बोलू नकोस. बोललीस की खांदा हलतो, खांदा हलला की टाचणी टोचते. मी बोलते, तू सुम्ने, गप्प राहून ऐक. अख्ख्या देवराज मोहल्ल्यात म्हणतातच, शिंप्यांच्या नर्मदाबाईच्या मशीनला बटन आहे, तोंडाला नाही. म्हणू देत.

ध्यान कुठे होतं विचारशील — तर रुइलानकडे. ती चिनी मालिका गं, हिंदीत बोलतात सगळे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइल रिळाच्या डब्याला टेकवून आम्ही दोघं बघतो, मी आणि आमचे हे. जुन्या काळची गोष्ट, सम्राटाच्या वेळची. शेन म्हणून एक सरदार, सीमेवर लढणारा, भली मोठी हवेली, अंगणामागे अंगण — आणि सम्राटाच्या हुकमानं त्याला करून दिलेली बायको, ती रुइलान. आता ही कुणाच्या घरची? ज्यांच्याशी शेनच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं, त्यांच्या घरची. म्हणजे लग्नाच्या दिवसापासून ह्याच्या मनात एकच, की ही बायको नव्हे, माहेरची हेर आहे. तिनं चहा दिला की आधी नोकराला प्यायला लावायचा. विष आहे का बघायला. विष कुठलं, नोकर तेवढा फुकटचा चहा पिऊन गुटगुटीत झाला. आणि ती रोज चहा करायची. एन माडोदु, काय करणार, नवरा म्हणून दिलेला तोच होता.

तर हा शेन एका लढाईहून परत आला तो डोळ्यांत विषारी धूर घेऊन. दिसायचं कमी कमी होत चाललं. कुणाला म्हणून सांगितलं नाही त्यानं — कारण आंधळ्याच्या हाताखाली फौज कोण देणार, सरदारी जाणार सरळ काकाकडे, आणि तो काका तर मिशा पिळत वाटच बघत बसलेला. पण रुइलानला कळलं. कसं कळलं? घरात पूर्वजांची पूजा होती, सगळं गणगोत जमलेलं, तर ह्यानं आत्याबाई समजून धुपाच्या पितळी घंगाळाला वाकून नमस्कार केला, वर विचारलं, “गुडघे कसे आहेत आता?” सगळे हसले. त्यांना वाटलं, थट्टा केली, आत्याबाई अंगानं जरा तशाच आहेत. रुइलान नाही हसली. बायकोला कळतंच गं ते. माणूस सुई इकडे आणि दोरा तिकडे हवेत ओवायला लागला की — काय? नाही, चीनमध्येपण सुई असते. मान सरळ ठेव.

मग तिनं काय केलं? तुम्हाला दिसत नाही, असं तोंडावर सांगितलं? छे. तो म्हणाला असता, माहेरी कळवायला निघालीस. तिनं कमरेला हिरव्या दगडाचे लोलक बांधले, चालली की किणकिणणारे, आणि नवऱ्याच्या पुढे चालायला लागली. तिकडच्या मोठ्या घरात सून पुढे आणि सरदार मागे म्हणजे काय — सासू अंथरुणाला खिळली. वर हिचं तोंड सुरू. “ह्या पायऱ्या कुणी झाडल्या नाहीत?” “हा उंबरा एवढा उंच कुठल्या गाढवानं केला?” “डावीकडची ती फांदी तोडा, रोज डोक्याला लागते.” सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नोकर म्हणाले कजाग आहे, सासू म्हणाली घराणं बुडालं — आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो शेन काय म्हणाला ठाऊक? म्हणाला, ही ओरडून ओरडून भिंतीपलीकडच्या हेरांना घराचा नकाशा सांगते. त्याच आवाजावर चालायचा, एकदा अडखळला नाही, आणि वर समजायचा की आपल्याला घर पाठ आहे. आमचे हे तिथं मान हलवून म्हणाले, “बरोबर आहे त्याचं, फार बोलते बाई.” मी ह्यांना म्हटलं, तुम्ही सुम्ने बघा. सगळे पुरुष सारखेच. मी मोठ्यानं म्हणते ना दुकानात, निळं रीळ डाव्या हाताला आहे, स्टूल दारात आहे, कात्री कपाटावर आहे — तर म्हणतात, मी काय आज आलोय दुकानात? — वळ जरा. पाठ दे.

शेवटी शेननं तिला मागच्या अंगणात टाकलं. लोलक काढून घेतले, बोलायची बंदी. आणि नेमकं तेव्हाच सम्राटाचं फर्मान आलं. काकाला संशय आलाच होता, त्यानं त्या सकाळी दालनातलं सगळं सामान हलवून ठेवलं. शेननं एकट्यानं चालत जायचं, सम्राटाच्या माणसासमोर गुडघे टेकायचे, फर्मान घ्यायचं, सगळ्यांच्या देखत. पहिलं पाऊल टाकलं ते सरळ पेटलेल्या शेगडीकडे. तेवढ्यात दार ढकलून ही आत — केस मोकळे, पाय अनवाणी. “शेगडी इथं मधोमध कुणी ठेवली, माझा गालिचा जळेल! आणि पाहुण्यांना त्या उजव्या खांबाशी उभं करून ठेवलंय, कुणाला रीत आहे का ह्या घरात?” शेन आवाजावर वळला, खांबाकडे गेला, बरोबर जागी गुडघे टेकले. काकाचं तोंड बघायला हवं होतंस. पण फर्मानाच्या वेळी ओरडणं म्हणजे सम्राटाचा अपमान. तो माणूस म्हणाला, ही शहाणी असेल तर मान उडवायची, वेडी असेल तर मठात पाठवायची. ही हसली, म्हणाली, “वेडीच आहे मी.” आणि नवरा? फर्मान हातात घेऊन उभा. गेली बिचारी डोंगरावर.

मी रडले. हे रडले नाहीत, चष्मा पुसत बसले. म्हटलं, चष्मा पुसून काय होणार, आतच मोती — म्हणजे काच जुनी झालीये चष्म्याची. तेवढंच.

मग काय, हवेली शांत. दुसऱ्या दिवशी शेन खोलीबाहेर पडला तो खांबावर आपटला. पुढे उंबऱ्याला ठेचकाळला. पुढे फांदी कपाळात. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पायऱ्यांवर बसून तो सरदार लहान पोरासारखा रडला. मग उठला, चहा पिणाऱ्या त्या नोकराचा खांदा धरला, दरबारात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, मला दिसत नाही, सरदारी काकाला द्या, माझी बायको वेडी नाही, ती मला परत द्या. दिली. मठाच्या दाराशी पोचला तर आतून पहिलं वाक्य काय आलं? “पायरी ओली आहे, सांभाळून.”

हा भाग बघितला आणि तेव्हापासून आमच्या ह्यांचं वागणंच बदललं. दुपारी अग्रहारात मित्राकडे जाऊन येतो म्हणतात आणि जातात. एकटे, ऑटोनं. ह्यांना शुगर, आणि तो गुंडू, ह्यांचा मित्र, त्याला बज्जीची, भज्यांची दुकानं सगळी पाठ. मला वाटलं दोघं होटेलात बसतात. काल शर्टाचा वास घेऊन बघितला — औषधाचा वास. आता बज्जीला औषधाचा वास कुठून येईल, सांग. त्यांच्या डोळ्यांचं बोलले असते गं मी, पण बोलायचं कसं, शिंप्याचे डोळे गेले हे एकदा बाहेर कळलं की ह्या गल्लीत कापड कोण देणार त्यांना? कात्रीशिवाय ह्या माणसाला दुसरं काही नाही. म्हणून सकाळी ते पूजेला बसले की त्यांनी कापलेलं मी परत मापते, चुकलं असेल ते नीट करते, रोज. तुझी बाही तेवढी राहून गे —

मीच कापली म्हटलं ना मघाशी. तेच खरं. विसर बाकीचं.

हे बघ, आलेच. या, सहना आलीये, उजवी बाही मोठी झालीये थोडी, माझ्याच हातून — काय? तुम्ही कापलीत? असू दे हो, तिच्यासमोर कशाला... नजरबादला? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे? म्हणजे रोज दुपारी तिथं जात होतात, आणि मी इथं शर्ट हुंगत बसले होते. एकटे गेलात, ऑटोत चढलात, उतरलात, कुणाला विचारलंत कुठे पायरी आहे ते? ... ऑपरेशनची तारीखसुद्धा घेऊन आलात. मला न सांगता. ... मी काय करते? सकाळी? कुणी सांगितलं तुम्हाला? ... कात्रीच्या आवाजावरून. म्हणजे विठ्ठलासमोर डोळे मिटून बसायचात आणि कान माझ्या कात्रीकडे. इतके दिवस. आणि बोलला नाहीत एका शब्दानं, मला बरं वाटावं म्हणून...

सहना, उतर पुट्टी खाली. टाचण्यांसकट सावकाश काढ तो ब्लाऊज. शुक्रवारी ये. नाही गं, काही नाही झालं — मला आत्ता काही बोलायचं नाहीये. जा तू. दार ओढून घे.