मुका ई

सासरे : ...आणि गिऱ्हाइकांसमोर घोकलं तर बिघडलं कुठे? तोंडाला फेस असतो. चूक काढायला गेला की साबण पोटात!

सून : मामंजी, हातात वस्तरा धरून तुम्ही कानाशी 'केव्ह, सेव्ह, ब्रेव्ह' ओरडता. शिंपीकाका अर्धी दाढी घेऊन पळाले!

सासरे : पाऊण झाली होती. तूच म्हणालीस, एका घराण्याचे इंग्रजी शब्द एकदम घोका.

सून : घोका म्हणाले, दुकान बंद पाडा नाही म्हणाले. बरं, शेवटच्या ई चं काय?

सासरे : तो मुका. तुझ्या सासूसारखा. शेवटी येऊन बसतो, चकार शब्द नाही, पण अलीकडचा ए सुतासारखा सरळ!

सून : हळू! आई आत आहेत.

सासरे : आज नीट जमलंच पाहिजे गं. त्या दिवशी फोनवर नातीला पुस्तक वाचून दाखवताना मी 'स्नेक'ला 'स्नाके' म्हणालो आणि पोरगी पोट धरधरून हसली. तेव्हापासून तिचा फोन आला की मी न्हाणीघरात. किती दिवस आंघोळी करू? नातीशी बोलल्यावाचून करमत नाही मला.

सून : वाजला बघा. वन्संचाच आहे. घ्या, पुस्तक धरा.

(फोनच्या पडद्यावर नात दिसते.)

नात : आजोबा! आज आंघोळ नाही?

सासरे : झाली. ऐक आता. हा स्नेक. तो राहतो केव्हमध्ये. काय? बरोबर ना?

नात : हो.

सासरे : मग तोंड का पाडलंस?

नात : नव्या शाळेत मी वाचलं की सगळे हसतात. मीपण स्नाकेच म्हणते. तुम्हीपण म्हणालात ना, तेव्हा मला इतकी मज्जा वाटली! आता मी एकटीच.

सून : अगं, सोप्पं आहे, शेवटी ई आला की...

सासरे : तू थांब गं. बाळा, ते स्नेक माझ्या तोंडून असंच निसटलं. पुढे बघ, तो पोहायला जातो... 'लाके'त.

नात : लाके? थांबा हं. स्नेकसारखाच दिसतोय. पुढचंच फक्त बदललंय. लेक! आजोबा, लेक!

सासरे : अस्सं होय! माझ्या टाळक्यात शिरलंच नाही बघ. आणि हा कोण, 'ब्रावे'?

नात : छे हो! केव्हसारखा म्हणा.

सून : मामंजी, हा तर तुम्ही सकाळी शिंपीकाकांच्या कानात...

सासरे : शूऽ! सूनबाई, तू जरा मुका ई हो.