यादीतला एफ मजला

हॅलो?… हॅलो… हो, मीच. बोला, मेंग ताई.

छे, झोपले नव्हते. बाल्कनीच्या काचेकडे बघत होते… काही नाही हो, आतून वाफ धरलीय. खालच्या चौकटीपासून वीतभर. परवा चारच बोटं होती, थंडी वाढलीय. दा-ओनचे बाबा होते तेव्हा या दिवसांत अर्धी काच भरायची… दोघांचा श्वास, दोघांचा भात, दोघांचा रस्सा. गेली चार वर्षं एकीचाच. पाण्याचं गणित आहे, बाकी काही नाही… उदास कुठे, नुसती नोंद सांगितली.

आवाज?… नाही, सर्दीबिर्दी काही नाही. आज पहिल्यांदाच तोंड उघडतेय, म्हणून घसा असा… हो, तीन वाजत आले. दोन चोपन्न. सकाळी लिफ्टमध्ये एका बाईंना मान तुकवली, पण ते काही बोलण्यात धरता येत नाही.

हसा तुम्ही…

मिळाली ना किमची. दाराच्या मुठीला पिशवी अडकवली होतीत, तीच ना?… चांगली झालीय. मीठ किंचित कमी आहे, पण मुरली की… अहो, विचारलंत म्हणून सांगितलं. एकतीस वर्षं मोजमापाच्या प्रयोगशाळेत काढली, आता जीभ खोटं कशी बोलेल… म्हणा, म्हणा मोजपट्टी… मी? मी यंदा कोबीचे चारच गड्डे घातले. चार गड्ड्यांना हाताखाली कुणाला बोलवणार. डबा धुऊन ठेवलाय, संत्री भरून देते. रिकामा कसा देऊ.

हं… हं… पण आता बरे आहेत ना तुमचे हे?… पलंग कुठे ठेवलात, दिवाणखान्यात?… हॉस्पिटलसारखा, खालीवर होणारा? मग जागा कुठे उरते… नाही ताई, तुमच्याकडे या म्हणून कोण म्हणतंय. सप्टेंबरची पुस्तकभिशी तुमच्याकडेच झाली की. नोव्हेंबर नवव्या मजल्याचा. सो-हाच्या आजींचा.

अगं बाई… कधी?… मुलगी. वजन?… तीन किलो दोनशे, छान आहे. म्हणजे सो-हाला बहीण… हो, मग एकवीस दिवस बाहेरचं कुणी नाही, साहजिक आहे. बाळंतिणीच्या घरात पाच जणी पुस्तकं काखेत मारून कशा शिरणार.

मग ताक बाईंकडे, सहाव्यावर?… अजून जमीन उखडलेलीच? गरम पाण्याचे पाइप बदलायला दीड महिना?… आणि बाराव्या मजल्याचा गुडघा, हो, तो मी विसरलेच. आठ आठवडे पाय दुमडायचा नाही म्हणे.

कॅफेत?… हे पंधराव्या मजल्याने सुचवलं असणार. त्या काय, डिसेंबरात देजॉन सोडून सोलला मुलाकडे निघाल्या. आणि त्यांना ऐकू येतं. गेल्या वेळी कॅफेत तुम्ही कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलंत आणि दोन तास नुसत्या हसत बसलात… दिसलं होतं मला. बोलले नाही, पण दिसलं होतं.

काय म्हणालात?

… नाही, ऐकू आलं. परत म्हणा तरी.

‘थोडी विश्रांती.’ कधीपर्यंत?… वसंतापर्यंत. ‘मग बघू.’

ताई, ‘मग बघू’ म्हणजे बंद… अहो, तसंच असतं. निवृत्त झाले तेव्हा आम्ही प्रयोगशाळेतल्या नऊ जणांनी महिन्यातून एकदा एकत्र जेवायचं ठरवलं होतं. उन्हाळ्यापुरती विश्रांती म्हणाले. त्याला सहा वर्षं झाली. एक उन्हाळा इतका लांबत नाही.

रागावले नाही… शांतच बोलतेय ना मी?… हो, मी नेहमीच शांत बोलते, ते खरं.

ऐका ना… अहो, ऐका. पुस्तक वाचून झालंय माझं. तीनशे बारा पानं… दोनदा. ती दीपगृहावरची बाई तुम्हाला दगड वाटणार, हे मला चाळिसाव्या पानालाच कळलं होतं. अकरा वर्षं खाडीपलीकडच्या बहिणीला ‘ये’ म्हणून कळवत नाही, म्हणजे तुमच्या मते दगडच. पण पान दोनशे चौदा बघा. रोज दोन कप काढते आणि एक परत ठेवते… चष्मा नाही जवळ? मग नंतर बघा. मला त्या पानावरून तुमच्याशी भांडायचंय.

खरंच सांगते… महिन्यातून एकदाच कुणाशी भांडायला मिळतं मला. दा-ओन रविवारी फोन करते, पण लेक भांडत नाही हो. अकरा मिनिटं बोलते आणि सगळ्याला हो म्हणते. मी म्हटलं बर्फ पडला, हो. मी म्हटलं बर्फ नाही पडला, हो.

हॅलो?… हां, मला वाटलं तुटला.

यादी? आहे ना, फ्रिजवरच लावलीय. तुमच्या सुनेने टंकून दिली होती तीच, तीन वर्षांपूर्वीची… डिसेंबर बारावा मजला, जानेवारी पंधरावा. दोन्ही गेले. आता फेब्रुवारीसमोर काय आहे ते वाचा… चष्मा नाही, बरं, मी वाचते. ‘एफ.’

एफ म्हणजे मी, ताई.

… मीच. चौथा मजला. चार म्हटलं की लोकांना मरण ऐकू येतं, दोन्हींचा उच्चार एकच ना, म्हणून बांधणाऱ्याने लिफ्टमध्ये चारच्या जागी इंग्रजी ‘फोर’मधला एफ बसवला. सुनेने लिफ्टमधलं बघून तसंच टंकलं. मग संगणकाला सांगितलं, मजल्याप्रमाणे रांग लाव. त्याने आकडे आधी घेतले. दोन, सहा, नऊ, बारा, पंधरा. अक्षर शेवटी टाकलं. नाहीतर तुमच्यानंतर लगेच माझा नंबर होता.

शेवटी तर शेवटी, बिघडलं काय… तेच सांगतेय. मार्चपासून बोटांवर मोजा. मार्चला तुम्ही, एप्रिलला ताक बाई… मोजा, मोजा, मी थांबते… ऑगस्टला कोण?… मी. आणि ऑगस्टला आपली उन्हाळ्याची सुट्टी. सप्टेंबरपासून यादी पुन्हा वरून. मग मी फेब्रुवारीला… बरोबर. नवीन वर्षाची सुट्टी. सगळ्या आपापल्या सासरी, पितरांची पानं मांडायला.

तीन वर्षांत सहा वेळा नंबर आला, सहाही वेळा सुट्टीत गेला.

हसा ना, दाबू नका. मलाही तेव्हा हसू आलं होतं… नाही, सुनेला काही बोलू नका, तुम्हाला माझी शपथ. तिने रांग नीटच लावली… नाही. ताई, माफी मागू नका. तुम्ही तर मुळीच मागू नका.

कारण मला माहीत होतं.

… पहिल्याच दिवशी. कागद हातात पडला आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या मोजलं. दुसऱ्या मजल्यापासून एफपर्यंत येईस्तो कळलंच होतं.

का म्हणजे… सोयीचं होतं.

…

हॅलो? आहात ना?

हं… हं… हो, मला कल्पना होती. तुम्हाला वाटलं, हिला अजून वेळ हवाय. सगळ्यांनाच वाटलं असेल. म्हणून कुणी विचारायचं नाही, कुणी आत यायचं नाही, कुणी बेलसुद्धा वाजवायची नाही. ताई, परवा तुम्ही पिशवी अडकवलीत ना, तेव्हा मी दाराच्या आतच उभी होते. भोकातून बघत होते. तुम्ही बेलकडे बोट नेलंत आणि मागे घेतलंत. दोनदा… माझाही हात कडीवर होता. कुणी आधी, ते ठरेना. मग लिफ्ट आली.

रडताय की काय?… नाक वाहतंय. बरं. मिरचीची पूड असेल.

घर?… नाही हो, घर चांगलं आहे. पुसते रोज. बसायच्या गाद्या आठ आहेत, कप आहेत. खायला काय करायचं तेही ठरलेलं आहे, तीन वर्षांपासून ठरलेलं आहे… कारण वेगळंच आहे. सांगायला वेडेपणाचं वाटतं.

नाही, हसणार नाही तुम्ही, ते माहीत आहे. त्याचीच तर भीती.

… दा-ओनच्या बाबांचे बूट. दारात आहेत अजून, चपला काढायच्या जागी… हो, ते काळे. आधी लेकच म्हणाली, आई, एकटी बाई राहते हे पार्सलवाल्यांना कळायला नको, बाबांचे बूट दारात राहू देत. सगळ्या एकट्या बायका ठेवतात. मीही ठेवले. चोरासाठी ठेवले होते हो, दुसरं काही मनात नव्हतं. पण मग मी त्यांना ब्रश मारायला लागले. दर शनिवारी. आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवायला लागले, सकाळी पाय घालायला बरं म्हणून… चोराला टोकं कुठल्या बाजूला आहेत याचं काय पडलंय.

आणि आमची ती जागा केवढीशी. रुंदी नव्वद सेंटिमीटर. तुम्ही पाच जणी, पाच जोड. माझा एक. आणि मधोमध ते… करून पाहिलंय ना. जुन्या कॅलेंडरचे तुकडे कापले, चपलांच्या मापाचे, आणि मांडले. सरळ मांडले, तिरपे मांडले, एकावर एक टेकवून मांडले. नाही बसत. ते बूट हलवल्याशिवाय भिशी माझ्या घरात शिरतच नाही.

काय?… बाहेर जिन्यात काढायच्या? तुमच्या चपला, जिन्यात, या थंडीत? मग परत जाताना बर्फासारख्या चपलांत पाय घाला… नाही, ताई. तुम्ही माझ्यासाठी पळवाट शोधताय. तीन वर्षं मी तेच केलं, तुम्ही तरी करू नका.

… हो, वसंतापर्यंत थांबलो तर काही बिघडत नाही. कुणी काही म्हणणार नाही. तुमचे हे थोडे बरे होतील, गुडघा दुमडेल, बाळ चार महिन्यांचं होईल. पंधरावा मजला गेलेला असेल. मग कुणीतरी म्हणेल, आता पाचच उरलो, उन्हाळ्यानंतर बघू… हो ना. तुम्हालाही दिसतंय ते.

थांबा जरा. फोन ठेवू नका… नाही, कुठे जात नाहीये. इथेच आहे, घरातल्या घरात. चालतेय.

… दारात उभी आहे.

हो, बघतेय… दोनशे पासष्ट मिलिमीटर. डाव्याची टाच जास्त झिजलीय. उभं राहून बोलताना भार डाव्या पायावर द्यायचे, तुम्ही पाहिलं असेल… पाहिलं होतंत ना?… कचऱ्याच्या दिवशी, खाली. हो. तासतासभर बोलत राहायचे. कचऱ्याचे डबे बाजूला ठेवून, कुणाशीही.

… बोलत राहा तुम्ही. काहीही बोला. बाळाचं सांगा… केस आहेत का डोक्यावर?… भरपूर? चांगलं.

उचलले.

… हो. एका हातात. दुसऱ्या हातात फोन आहे ना… हलके आहेत हो. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच हलके.

नाही, देऊन टाकत नाही. आज तरी नाही. आत, त्यांच्या टेबलाखाली ठेवते… टोकं भिंतीकडे.

झालं… आहे मी, आहे. बसले जरा, एवढंच.

तुमच्या ह्यांच्याजवळ थोडा वेळ कोण बसेल मग?… सून येते ना गुरुवारी. दोन तास तरी?… पुरे. आणि सो-हाच्या आजींना सांगा… नाही, नको. तुम्ही कुणाला कळवू नका. आज मी स्वतः फोन करते, एकेकीला.

गुरुवारी, ताई. दुपारी दोन वाजता. भिशी माझ्या घरी आहे.