मिसेस हॅस्केलची टेकडी

क्लॉडेट : पावाला हात लावू नकोस. माझी मी भाजते.

नॉर्मंड : मदतच करतोय ना.

क्लॉडेट : तुझी एक मदत रविवारच्या पुरवणीत छापून आली. तेवढी या जन्माला पुरली.

नॉर्मंड : बॉस्टनहून गाडी हाकत आलोय मी. सख्खा भाऊ दारात आला तर माणूस निदान कॉफी विचारतं.

क्लॉडेट : कॉफी तिथं आहे. घे.

नॉर्मंड : बाहेर बघ जरा. अजून खिडकी उघडली नाहीस आणि रांग पार तळ्यापर्यंत गेलीये. पप्पांच्या वेळी तरी लागायची का अशी? जूनमध्ये तूच फोनवर रडत होतीस. माणूस फिरकत नाही, लाल हॉट डॉग आता म्हातारेच खातात, उन्हाळा संपला की टपरीला कायमचं कुलूप घालते म्हणालीस. म्हणून लिहिलं मी.

क्लॉडेट : रडत नव्हते. सांगत होते. भावाला सांगत होते, पेपरवाल्याला नाही.

नॉर्मंड : काय खोटं लिहिलं त्यात? लोण्यावर भाजलेला पाव, दाताखाली कट्कन तुटणारं लाल सॉसेज, पप्पांचा तो जुना तवा. सगळं खरं.

क्लॉडेट : हॉट डॉगचं चांगलं लिहिलंस. दोनदा वाचलं मी, खोटं कशाला बोलू. तिथं थांबला असतास तर आज तुला हातानं वाढलं असतं. पण तुला खाली शेपूट जोडायचं होतं. ‘याच भागातल्या माझ्या आवडीच्या आणखी काही मोसमी गोष्टी.’

नॉर्मंड : तीनच तर होत्या. बुशार्डचा मका, पुलाजवळची ती धुरावलेली मासळी, आणि...

क्लॉडेट : बोल की तिसरी. लिहिताना अडखळला नाहीस.

नॉर्मंड : मिसेस हॅस्केलची टेकडी.

क्लॉडेट : ‘मागच्या रस्त्यानं वर जा, दगडी बांध ओलांडा, जंगली ब्लूबेरीनं निळी झालेली टेकडी दिसेल. मालकीण एक मायाळू म्हातारी आहे, ती कुणाला नाही म्हणत नाही.’ पाठ झालंय मला.

नॉर्मंड : मग आपल्याला कधी नाही म्हणाली ती?

क्लॉडेट : आपल्याला. पप्पा अंथरुणाला खिळले तो उन्हाळा विसरलास? टपरी बंद, चूल बंद. ती स्वतः चालत खाली आली आणि आईला म्हणाली, पोरांना वर पाठव, वेचतील तेवढं त्यांचं. आपण बादल्या भरून बेकरीत नेऊन विकायचो. तेव्हापासून आपल्याला मुभा आहे. आपण म्हणजे आई, तू आणि मी. अख्खं बॉस्टन नाही.

नॉर्मंड : बुशार्डनं फोन करून माझे आभार मानले. दुपारच्या आत मका संपतो म्हणाला.

क्लॉडेट : बुशार्ड मका विकतो. रस्त्यावर पाटी लावून विकतो. तिनं कधी पाटी लावली होती? एवढी साधी गोष्ट कळू नये तुला?

नॉर्मंड : किती लोक गेले वर?

क्लॉडेट : पहिल्याच शनिवारी रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या. बाबागाड्या न्यायला वाट नाही म्हणून बांधाचे दगड काढून टाकले. तिच्या नवऱ्यानं, ऑरिननं, लग्नाच्या आधी रचलेला बांध तो. कुणी हातानं वेचत नव्हतं, दातेरी सुपल्या आणल्या होत्या. कच्चं-पिकं, पानं, डहाळ्या, सगळं ओरबाडून. ती काठी टेकत वर गेली आणि म्हणाली, ही खाजगी जागा आहे. तर एक पोरगी म्हणाली, पेपरात आलंय. आणि तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. किती गोड आजी म्हणे.

नॉर्मंड : मला माहीत नव्हतं.

क्लॉडेट : दुसऱ्या दिवशी एक माणूस न विचारता घरात शिरला. ती स्वयंपाकघरात, आणि हा न्हाणीघर कुठंय विचारतोय. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई. त्या दिवसापासून भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून बसायची.

नॉर्मंड : कळवायचंस ना मला. मी दुरुस्ती छापली असती.

क्लॉडेट : काय छापणार होतास? म्हातारी मायाळू नाही?

नॉर्मंड : येताना टेकडी बघितली मी. तपकिरी पडलीये. आग लागली का?

क्लॉडेट : कापली.

नॉर्मंड : ऐन ऑगस्टात? फळ असताना कोण कापतं?

क्लॉडेट : मी.

नॉर्मंड : तू?

क्लॉडेट : एका संध्याकाळी इथं खिडकीशी आली. ऑरिनचा ट्रॅक्टर चालवशील का म्हणाली. पुतण्याला विचारलं होतं तिनं, त्यानं कानावर हात ठेवले. फळानं लगडलेली झुडपं कुणी कापत नाही म्हणाला. मीही तेच म्हणाले, थोडं थांबा, बहर सरू द्या. तर म्हणाली, फळ आहे तोवर ते येत राहणार. मग बसले मी ट्रॅक्टरवर. ती फुटक्या बांधाशी उभी होती, शेवटची ओळ होईपर्यंत. बसा म्हटलं तरी बसली नाही. घरी येऊन बूट धुतले तर पाणी जांभळं. कितीदा धुतले तरी जांभळंच.

नॉर्मंड : नाही म्हणायचंस तू.

क्लॉडेट : तिला नाही म्हणायला तोंड ठेवलं होतंस का तू आपल्याला?

नॉर्मंड : मी वर जातो. भेटून माफी मागतो.

क्लॉडेट : जायला नको. गुरुवार आहे आज, दर गुरुवारी तीच खाली येते. ती बघ आलीच. खिडकी उघड, आणि तोंड सांभाळून बोल.

(मिसेस हॅस्केल काठी टेकत खिडकीशी येतात. रांगेतली माणसं बाजूला होतात.)

मिसेस हॅस्केल : एक दे. कांदा घाल. मोहरी नको.

क्लॉडेट : देते. आत या ना, ऊन लागतंय.

मिसेस हॅस्केल : बरी आहे इथं. हा कोण, नॉर्मंड? केस गेले की तुझे.

नॉर्मंड : मिसेस हॅस्केल, मी ते जे लिहिलं...

मिसेस हॅस्केल : वाचलं. त्यातली मायाळू म्हातारी कोण?

नॉर्मंड : तुम्ही.

मिसेस हॅस्केल : कुणी सांगितलं तुला?

नॉर्मंड : मला तुम्ही तशाच आठवता. आम्हाला खायला नव्हतं तेव्हा तुम्ही...

मिसेस हॅस्केल : तुझ्या आईला घरी आणून दिलं असतं तर तिनं तोंडावर दार लावलं असतं. वेचलेलं चाललं असतं. म्हणून वेचा म्हटलं. आणि ते मी तिला म्हटलं होतं. तुला नाही, आणि पेपराला तर नाहीच.

नॉर्मंड : बांध मी रचून देतो. सुट्टी काढतो. आजपासून लागतो कामाला.

मिसेस हॅस्केल : नको.

नॉर्मंड : निदान दगड तरी गोळा करून ठेवतो.

मिसेस हॅस्केल : नको म्हटलं ना. तुझा हात नको त्याला.

क्लॉडेट : हा घ्या. पाव जरा जास्त भाजलाय, तुम्हाला आवडतो तसा.

नॉर्मंड : झुडपं तरी परत येतील ना? ऑरिनकाका सांगायचे, मुळं जिवंत असतात. पुढच्या उन्हाळ्यात नुसती पालवी, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फळ.

क्लॉडेट : नॉर्मंड, गप्प बस.

मिसेस हॅस्केल : बोलू दे त्याला. येतील की. झुडपांना कुठं घाई आहे.