गाडीच्या धावांचा लंगर

माहा जनम गाडीखालचा, ताई. माहा बाप मुकुटबनच्या बाजूनं गावोगाव फिरे, गाडीत भाता, ऐरण, घन, दोन शेळ्या अन् आमी पोट्टे, जिथं शेतकऱ्याईचं काम निघन तिथं बैल सोडाचे अन् भट्टी पेटवाची, तं अशाच एका गावाच्या येशीजवळ माही माय सकाळी घन मारत होती अन् दुपारी मी आली. म्हणून मी म्हणते, घनाचा आवाज म्या जन्माच्या आधीपासून ऐकला. आमच्या लोकाईत घन बाई मारते, हे तुमाले माहीत हाय का? माणूस एका हातात सांडशी घेऊन तापलेलं लोखंड धरते, दुसऱ्या हातात बारकी हातोडी, तो टिक करून जिथं वाजवन तिथं बाईनं घन टाकाचा, त्यानं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली का थांबाचं. बोलाचं कामच नाई. पोरगी पाहाले येतात तं आमच्यात तोंड मागून पाहतात, आधी खांदे पाहतात. माहे खांदे पाहून सासऱ्यानं मले इथं दिग्रसजवळ आणलं. मंग फिरणं सुटलं, घर झालं, पण घन काई सुटला नाई.

आता लंगराचं सांगते, त्याच्यासाठीच तं तुमी आल्या. एक दिवस गाडी येऊन थांबली, त्यातून एक उंच माणूस उतरला, भाटकर सर, कोकणातले. म्हणे आम्ही जुन्या पद्धतीचं गलबत बांधतोय, सगळं लाकडाचं, आमचे पणजोबा बांधायचे तसं, अन् त्याले तसाच जुना नांगर पायजे. तिकडं ते नांगर म्हणतात, पण आमच्याकडं नांगर म्हटलं का लोक बैल शोधाले लागतात, म्हणून आमी आपलं लंगर म्हणतो. त्याईनं मोबाइलात फोटो दाखवला, खाडीच्या गाळात सापडलेला, जंगानं अर्धा खाल्लेला, मधात माणसाएवढा दांडा, खाली दोन वाकडे हात, हाताच्या टोकाले फावड्यावानी पातं, वर कडी. म्या म्हटलं, सर, हा तं मासोळीचा गळ दिसते. ते हासले, म्हणे गळच आहे, पण जहाज धरायचा.

मंग म्या सरळ इचारलं, अवो पण समुद्र सोडून तुमी इकडं कायले आले? तं म्हणे, आजचं कारखान्याचं लोखंड नको, जुनं पायजे, पोटात लाकडावानी धागे असलेलं, अन् ते आता कुठं राह्यलं असन तं तुमच्या कापसाच्या मुलखात, जुन्या बैलगाड्याईच्या चाकावर. धाव म्हणतो ना आपण, चाकाची लोखंडी पट्टी, ती. अन् जोड सारे आगीनंच लावाचे, वेल्डिंग नाई. हे ऐकलं अन् आमचे हे, म्हणजे माहा नवरा, उठूनच उभे राह्यले. गाड्याईले रबरी टायर आले तवापासून हे असे कवा उठले नोयते. म्हणे सर, माह्या बापानं अख्ख्या बाजाराच्या गाड्याईले धावा चढवल्या, आगीचा जोड माह्या घरचा हाय.

दुसऱ्या दिवसापासून आमी धावा गोळा कराले निघालो, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या उकिरड्यात, कोणी कोंबड्याईच्या खुराड्यावर टाकलेली. तांड्यावरचे बापू, लय म्हातारे, मले याडी म्हणतात, म्हणजे आई, त्याईनं आपल्या आज्याच्या गाडीची धाव काढून देली. म्हणे याडी, आमचे जुने लोक बैलाच्या पाठीवर लादून समुद्राचं मीठ इकडं आणत व्हते, आता तू तिकडं लोखंड पाठव. म्या ती धाव डोक्यावर घेतली अन् घरी आली.

अन् मंग काम. धावाईचे तुकडे एकावर एक रचाचे, तारेनं बांधाचे, भट्टीत तापवाचे, वरून नदीची बारीक रेती टाकाची, अन् लोखंड पांढरं होऊन वरून ओलं दिसाले लागलं का काढाचं अन् माराचं, तवा ते सारे तुकडे एक होतात. कवा काढाचं हेच सारं. जरा आधी काढलं तं जोड लागत नाई, जरा उशीर झाला तं लोखंड जळते. माही जाऊ गंगू भात्यावर, ह्याईच्या हाती सांडशी, माह्या हाती घन, साऱ्या गावाच्या बाया कडंनं उभ्या, अन् गंगू भाता दाबता दाबता गाणे म्हणे. असं वाटे लग्नच हाय घरी. दांडा झाला, हात झाले, हातही दांड्याले बसले.

आता आमची गंमत आयका. पातं जमिनीत घुसाचं, हे आमाले कळलं, अन् जमिनीत घुसाचं म्हटलं का आमचं डोकं फाळाकडंच जाते, वखराच्या पाशीकडंच, म्हणजे त्याच्या लोखंडी पात्याकडंच जाते. ते टोक कडक पायजे. म्हणून ह्याईनं कायचा पट्टा आणला सांगा, वणीच्या कोळशाच्या ट्रकाचा कमानपट्टा, एकदम कडक माल, तो टोकाले जोडला अन् लाल करून देलं त्याले पाणी, बुडवलं छन्न. कोणी सांगितलं नोयतं, कोणी इचारलंबी नाई. जन्मभर जे केलं तेच केलं. अन् वरतून हे मले म्हणतात कसे, समुद्राच्या लोकाईले असं टोक कवा भेटलं नसन.

सर आले. लंगर तपासाची त्याईची जुनी रीत, उंचावरून दगडावर सोडाचा. कापसाच्या जिनिंगमधून साखळीची कप्पी आणली, दारच्या कडूलिंबाच्या फांदीले बांधली, लंगर वर चढवला, खाली मोठा काळा दगड, अन् सारं गाव गोळा. सोडला. अन् ताई, काचेची बरणी फुटावी तसं ते टोक तडकन् गेलं, तुकडा उडून पार कुंपणात. सर खाली बसले, तुकडा पाह्यला, म्हणे ह्याला पाणी दिलंत का? हे म्हणे हो, मंग, पाणी देल्याशिवाय कसं? तं सर शांतपणानं म्हणे, दादा, पाणी दिलं की लोखंड कडक होतं, पण ठिसूळही होतं; खाली खडकात अडकला अन् वरून लाटेनं ओढलं तर हा वाकला पाहिजे, वाकला तर माणसं वाचतात. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं. मले त्या माणसाचा राग येईनाच, इतका चांगला बोलला तो. मंग म्हणे, आता गलबत पाण्यात उतरायची वेळ झाली, आणखी एकदा करा, ह्या वेळी नाही जमलं तर मला कारखान्यातला घ्यावा लागेल.

सर गेले अन् ह्याईनं मले म्हटलं, हे बी तुटलं तं ऐरण भंगारात टाकतो, मंग नाव काढाचं नाई भट्टीचं. म्या हासण्यावारी नेलं, पण उठून ऐरण पदरानं पुसली. त्या ऐरणीले आमी दसऱ्याले हळद लावतो, माह्या लेकाईचे डोके तिच्यापुढं टेकवले म्या.

कडक टोकं कापून टाकली, जुन्याच धावेचे नवे हात घेतले. लंगराचा पयला हात भट्टीत. मी घन घेऊन उभी, लोखंड पांढरं झालं, ओलं झालं, मी म्हणते आता काढतीन, आता काढतीन, हे काढेचनात. अन् भट्टीतून फुलझडीवानी ठिणग्या. जळलं ना लोखंड. बापूच्या आज्याची धाव होती ती. म्या म्हटलं, अवो, तुमाले दिसलं नाई का? तं म्हणे धूर हाय. धूर कुठचा? कोळसा तं लाल निखारा. तवा मले समजलं, ह्याईच्या डोळ्यात मोतीबिंदू, कवाचा कोण जाणे, माणूस दिसे, घर दिसे, पण आगीचा रंग दिसत नोयता, पयल्या बारीले सवयीनंच निभावलं असन, अन् ह्या माणसानं कोणाले सांगितलं नाई.

मंग म्या म्हटलं, द्या इकडं सांडशी. अवो ताई, काय बोलून गेली मी. आमच्यात बाई सांडशी धरून ऐरणीच्या पुढं बसत नाई, माही सासू बसली नाई, माय बसली नाई. हे चिडले, म्हणे काय वं, आता मी घन मारू? तू मले टिक टिक करून सांगणार? सांडशी फेकली अन् जाऊन लिंबाखाली बसले पाठ करून. गंगू मले खुणावे, राहू दे, राहू दे. म्या म्हटलं, राहू कसं देऊ, ऐरण भंगारात जाऊन राह्यली. म्या सांडशी उचलली, लंगराचा दुसरा हात भट्टीत घातला अन् गंगूले म्हटलं, दाब भाता.

मी मोठ्यानं बोलत राह्यली, त्याईले आयकू जावं म्हणून. लाल झालं. आता पिवळं हाय. आता पांढरं होऊन राह्यलं. घन माराले कोणीच नाई अन् मी आपली सांगून राह्यली. आता ओलं दिसून राह्यलं वो, म्या म्हटलं, अन् काढलं, अन् ऐरणीवर ठेवलं, अन् हातोडी वाजवली, टिक. मांगून दण्णकन् घन पडला. बरोबर तिथंच. हे कवा उठले, कवा आले, मले माहीत नाई. टिक, दण्ण, टिक, दण्ण. त्याईले दिसाची गरजच काय, घन तं आवाजावर पडते, म्या जन्मभर आवाजावरच मारला. घामानं न्हाले ते, पण थांबले नाईत, अन् म्या हातोडी आडवी ठेवली तवाच त्याईनं घन खाली ठेवला. गंगू रडत होती का हासत होती, देव जाणे.

जळलेल्या हाताच्या जागी दुसऱ्या धावेचा नवा केला, सारे जोड तसेच लावले, अन् पात्याले एक थेंब पाणी देलं नाई, राखेत गाडून हळूहळू थंड होऊ देलं. परत कप्पी, परत तो दगड. लंगर सोडला तवा म्या डोळे मिटले, अन् आवाज असा आला, देवळाच्या घंटेवानी, लांब. पातं जरासं वाकलं होतं, तुटलं काईच नोयतं. सरांनी ह्याईले मिठी मारली. हे म्हणे मले कायले, तिले नमस्कार करा.

समुद्र म्या अजून पाह्यला नाई. पण चार-पाच महिन्याआधी सरांचा फोन आला, मांगून नुसता वारा घोंघावे, ते वरडून सांगत होते, वहिनी, धरलं, वाऱ्यात जहाज जागचं हललं नाही. म्या फोन ह्याईच्या कानाले लावला. हे डोळे मिटून तो वारा आयकत राह्यले.

मंग डोळ्याचं ऑपरेशन केलं त्याईचं. आता सुईत दोरा ओवतात. पट्टी सुटली अन् डागदरनं कामाची मोकळीक देली, त्या दिवशी सकाळी म्या भट्टी पेटवली अन् सांडशी त्याईच्या पुढं धरली, म्हटलं घ्या, आता दिसते ना सारं. त्याईनं पाह्यलं माह्याकडं, अन् जाऊन घन उचलला. म्हणे, तू वाजव.

त्या जहाजात जे कोणी बसतीन ते सुखानं जावोत, सुखानं आपापल्या घरी येवोत, बापूचं मीठ अन् आमचं लोखंड त्याईले पावो. आता उठू द्या मले, ताई, वखराची पास भट्टीत कवाची लाल झाली, अन् हे घन घेऊन उभे हायत, म्या टिक केल्याबिगर मारत नाईत.