विलायतेतल्या अकरा जत्रा

अक्काबाई : मग जुलैच्या दुसऱ्या शनवारी डरहॅमला. तितं फुलांचं प्रदर्शन असतंय. गुलाब, लिली, काय काय.

बाजीराव : हं.

अक्काबाई : मग वेल्सला शेतकऱ्यांचा मेळा. मेंढरं, बैल, घोडी. राजा सोता येऊन मेंढरं भादरतो.

बाजीराव : बरं. पुढं?

अक्काबाई : पुढं काय? राजा मेंढरं भादरतो म्हणलं मी.

बाजीराव : माझं लक्ष नव्हतं. ऊन फार आहे आज. राहू दे, उद्या घेऊ.

अक्काबाई : डरहॅमला फुलं न्हाईत. तितं खाणीतल्या कामगारांची मिरवणूक असती, बँड लावून, निशाणं घिऊन. तुमीच शिकवलंय. मी म्हणलं पण व्हतं, आपल्या जयंतीवानीच हाय की. अकरा जत्रांतली ती एकच मला मनापासनं पाठ झाली. ती मी मुद्दाम चुकवली, आन तुमी नुसतं हं म्हणला.

बाजीराव : राहिलं नजरचुकीनं.

अक्काबाई : भाजीवाल्याची पाटी बघितली तरी खडू मागून दुरुस्त करणारा माणूस तुमी. लग्नाला चाळीस वर्सं झाली, माझी एक चूक सोडली न्हाय.

बाजीराव : जन्म वाचनालयात गेला. सवय लागते.

अक्काबाई : तेच म्हणते मी. आज सवय कुठं गेली?

बाजीराव : अगं, किती घोकशील? व्हिसावाल्यांचा फोन येईलच असं नाही. एजंट नागेश म्हणाला ना, क्वचित एखाद्यालाच करतात.

अक्काबाई : आन ती एखादी मीच निघाले तर? इचारलं, बाई कशाला येताय, आन मी नुसतं तोंड उघडं ठिवलं तर? त्या नागेशनंच सांगितलंय, लेकीच्या बाळंतपणाला चालले म्हणायचं न्हाय. तसं म्हणलं की त्यांना वाटतं, बाई लेकरू सांभाळायच्या कामाला आली. फिरायला चालले म्हणायचं. मला तवाच पटलं न्हवतं. सकाळी विहारात पंचशील घ्यायचं, खोटं बोलणार न्हाय म्हणायचं, आन दुपारी हितं बसून घोकायचं, मला नॉटिंग हिलचा नाच बघायचाय.

बाजीराव : कार्निव्हल म्हणतात त्याला.

अक्काबाई : आता कसं सुधारलं! मंजे कान चालू हायत तुमचं.

बाजीराव : तू सुईकडं बघ, बोटात जाईल. किती झाली दुपटी?

अक्काबाई : बारा. आईच्या जुन्या लुगड्याची हायत, मऊ. तिकडं असलं कापड मिळत न्हाय. अजून चार करते. तिकिटाचं काय केलं? आज जूनची पाच. पोरीला अठरा जुलैची तारीख दिलीया.

बाजीराव : बघू.

अक्काबाई : बघू काय? पयलं बाळंतपण, माहेरी व्हायला पायजे व्हतं. डाक्टरनं विमानात बसू नको म्हणलं, म्हणून मी चालले. जळोचीतली एक गरवार बाई सांगा मला, जिच्या दारात मी वजनकाटा घिऊन गेले न्हाय. तीस वर्सं अंगणवाडी केली. कुणी काय खाल्लं, कुणाच्या पायाला सूज आली, समदं मला ठावं. आन गेल्या साली माझ्याच लेकीचं पाचव्या म्हैन्यात गेलं, ते मी फोनवर ऐकलं. जावई सुमित कामाला गेल्याला. पोर एकटी दवाखान्यात पडलेली, आन मला म्हणती, आई, तू जेवलीस का. औंदा मी तिच्या उशाशी असणार. त्यासाठी अकरा काय, एकवीस जत्रा पाठ करीन.

बाजीराव : सोमवारी मी बारामतीला गेलो होतो ना.

अक्काबाई : बीपीच्या गोळ्या आणायला.

बाजीराव : गोळ्या आणल्या. पण नागेशनं बोलावलं होतं म्हणून गेलो होतो.

अक्काबाई : आज शुक्रवार हाय.

(बाजीराव सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतो.)

अक्काबाई : न्हाय म्हणलं का त्यांनी?

बाजीराव : नाही म्हटलं.

अक्काबाई : चार दिस झालं. चार दिस हा कागद खिशात ठिऊन माझ्याकडनं जत्रा म्हणवून घेतल्या.

बाजीराव : रोज सांगणार होतो. तू जेवण उरकून यादी घेऊन बसायचीस. तोंडावर तेज असायचं तुझ्या. मग धीर व्हायचा नाही.

अक्काबाई : आन नाव म्हणं बाजीराव.

बाजीराव : बोल तू. मला ऐकून घ्यायलाच हवं.

अक्काबाई : वाचा. मराठीत वाचा, आन मधलं गाळू नका.

बाजीराव : लिहिलंय, अर्जदार याआधी कधी परदेशी गेलेल्या नाहीत. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही. तरी त्या एकट्या येऊन सहा-सात आठवड्यांत देशाच्या चार टोकांना अकरा सोहळे बघणार आहेत, असं सांगतात. या सोहळ्यांची त्यांना आवड आहे, असं त्यांच्या कागदपत्रांत कुठंही दिसत नाही.

अक्काबाई : पुढं.

बाजीराव : त्यांची मुलगी लेस्टरला राहते, अशी आमच्याकडं नोंद आहे. अर्जात त्यांनी ते सांगितलेलं नाही. प्रवासाच्या यादीत लेस्टर नाही. म्हणून त्या खरोखर कशासाठी येतात आणि परत जातील का, याची खात्री पटत नाही.

अक्काबाई : ह्यात खोटं काय हाय?

बाजीराव : कशात?

अक्काबाई : त्या सायबाच्या लिवण्यात. समदं खरं हाय. मेंढरं बघायला मी विलायतेला कशाला जाईन? वरकुट्याला माझ्या भावाच्या दारात साठ हायती. त्या सायबानं मला बघितलं न्हाय, तरी वळखलं. आन ह्या नागेशला एवढं कळंना.

बाजीराव : एकट्या नागेशचं नाही ते.

अक्काबाई : मग कुणाचं?

बाजीराव : तो म्हणाला होता, दोन-तीन ठिकाणं लिहा. लंडन लिहा, एखादी बाग लिहा, बास. अकरा मी लिहिली.

अक्काबाई : का पण?

बाजीराव : लिहिताना गोडी लागली. एडिंबरात ऑगस्टभर गल्लीबोळात नाटकं चालतात. वेल्समध्ये असा एक मेळा आहे, तिथं कवीला सगळ्यांसमोर मानाच्या खुर्चीत बसवतात आणि माणसं उठून उभी राहतात. एका कवीसाठी! मी तारखा जुळवत गेलो. गाडी कुठली, उतरायचं कुठं, पाऊस आला तर थांबायचं कुठं. आठवडाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. अर्ज तुझ्या नावाचा होता, आणि हिंडत मी होतो.

अक्काबाई : मग तसं म्हणायचं. मला बी जायचंय म्हणायचं. दोघांचा अर्ज केला असता.

बाजीराव : मी कुठला जातोय. बारामतीच्या स्टँडवर गाडी कुठं लागलीय हे विचारायला मला लाज वाटते. कागदावर तेवढा धीर होतो.

अक्काबाई : तुमचा धीर माझ्या लेकीला भोवला.

बाजीराव : हो.

अक्काबाई : हो म्हणू नका सारखं. भांडा तरी.

बाजीराव : भांडायला काही शिल्लक नाही माझ्याकडं.

अक्काबाई : परत अर्ज करता येतो का?

बाजीराव : येतो. तीन आठवडे लागतात, वर चार दिवस धर. पण एकदा नाही म्हटल्यावर अवघड असतं. आता खरं सांगितलं तर विचारणार, आधी का लपवलंत?

अक्काबाई : सांगायचं, भ्यालो म्हणून.

बाजीराव : असं अर्जात कुणी लिहीत नाही.

अक्काबाई : आपुन लिवायचं. घ्या कागद, मी सांगते. एकच पान. माझी लेक रश्मी लेस्टरला असती. अठरा जुलैला ती बाळंत व्हणार. मी तिची आई. मागचा अर्ज चुकीचा व्हता, दुसऱ्याच्या सांगण्यावरनं केला, तरी सही माझी व्हती. मला जत्रा बघायची न्हाय. सव्वा म्हैना झाला की मी माघारी येणार, कारण घरी नवरा हाय आन त्याला चहा करता येत न्हाय.

बाजीराव : येतो मला चहा.

अक्काबाई : येत न्हाय. लिवा.

बाजीराव : लिहिलं. पण ऐक, तारखेच्या आत पोचशीलच असं मी म्हणत नाही. कदाचित ती बाळंत झाल्यावर कळेल. कदाचित पुन्हा नाहीच म्हणतील.

अक्काबाई : कळतंय मला. रश्मीला सांगितलं का हे?

बाजीराव : नाही.

अक्काबाई : मंजे परवा ती इचारत व्हती, आबा, आईचं काय झालं, आन तुमी म्हणला, होतंय दोन दिसांत.

बाजीराव : ती म्हणाली, आईसाठी मधल्या खोलीत पलंग टाकलाय, खिडकीपाशी. त्यावर काय बोलणार होतो मी?

अक्काबाई : लावा फोन. तिकडं आता सकाळच हाय, घरीच आसंल.

बाजीराव : वाजतोय. हा घे. मी जरा आतनं पाणी आणतो.

अक्काबाई : बसा. पाणी नको मला. आन फोन बी नको. तुमीच सांगा तिला.

बाजीराव : मी काय सांगू?

अक्काबाई : त्या सायबानं जेवढं लिवलंय तेवढं. आन मग तुमी लिवलं ते. मी हाय शेजारी.

बाजीराव : हॅलो, रश्मी... आबा बोलतोय. हो, आई बरी आहे, इथंच बसलीय. तू उभी आहेस का? खाली बस आधी, बाळा.