दामूची गिरणी, पोरांचा आल्बम आणि माझ्या पोत्यातली चमकी

बसा, बसा सगळे. मागं उभे आहात ते पण पुढं या, मला लांबवर ओरडता येत नाही. दामूच्या अंगणात एवढी माणसं मी त्याच्या लग्नात बघितली होती, त्यानंतर आजच. बोलायचं कसं ते मला माहीत नाही. चौथीत शाळा सुटली माझी, आणि माईक तर आज पहिल्यांदा हातात आलाय. तोसुद्धा माझ्या नातवाच्या बँडचा. मंगेश आत्ताच म्हणाला, "आजी, तोंडाजवळ धर, घाबरू नको." घाबरत नाही रं. पण बोलायचंय ते जड आहे.

कडावच्या माणसांना दामू कोण ते सांगायला नको. पण मुंबईपुण्याची काही पोरं आल्बम ऐकून आलीत, त्यांच्यासाठी सांगते. ही मागं पत्र्याची दिसते ती भातगिरणी दामूची. मिसरूड फुटल्यापासून तो इथं उभा. आपण भात आणायचं, त्यानं तांदूळ करून द्यायचा, त्याच पोत्यात भरून. ही माझ्याजवळ बसलीय ती त्याची मुलगी सुरेखा. मंगळवारी दुपारी जेवला, जरा पडतो म्हणाला, आणि उठलाच नाही.

आता आल्बमचं. माझा मंगेश आणि त्याचे तीन दोस्त रसायनीला कंपनीत कामाला. पहिली पाळी करून यायचे आणि गिटारी वाजवायचे. ग्लॅम मेटल म्हणतात त्याला. म्हणजे केस असे फुगवायचे, डोळ्यात माझ्यापेक्षा जास्त काजळ, चमकीची जाकिटं, आणि ओरडायचं. सुरात ओरडतात पण, खोटं कशाला बोलू. मुंबईचा स्टुडिओ परवडेना. तेव्हा दामू म्हणाला, "श्रावणात माझी गिरणी बंदच असते. या इथं."

पत्र्यात आवाज घुमायचा. दामूनं काय केलं? तुसाची पोती भिंतीला छपरापर्यंत लावली. घुमणं थांबलं. पाऊस आला की पत्रा वाजायचा, म्हणून हा बाहेर खुर्ची टाकून बसायचा. माथेरानच्या डोंगरावरून सर खाली उतरताना दिसली की आत हात करायचा. एका गाण्यात त्याचा आवाज राहिलाय, "थांबा रं, आला." मंगेशनं तो काढला नाही.

मी एकदा भांडायला आले होते. म्हटलं, "दामू, पोरांना काजळ लावून नाचवतोस, लाज नाय वाटत?"

तर माझ्या मालकांची आठवण काढून म्हणतो कसा, "वयनी, शिमग्याला दादा तुमचंच लुगडं नेसून नाचायचे. ढोल कोण वाजवत होता? मीच ना? तवा तुमी पदर तोंडात धरून हसत होतात."

हसा, हसा. दामूला चाललं असतं.

मंगेशला पण विचारलं, "इथं बघायला कोण हाय? मग चमकी कशाला घालता?" तो म्हणाला, "आजी, देवळात एकटी असलीस तरी डोक्यावर पदर घेतेस ना? तसंच."

'सेकंड शिफ्ट' नाव ठेवलं आल्बमचं. तो चालला, बाबांनो. किती लोकांनी ऐकला तो आकडा मंगेश मोबाईलवर दाखवतो, मला त्यातली शून्यं मोजता येत नाहीत. बंगळूरला बोलावणं, शिलाँगला बोलावणं. मला पण एकानं विचारलं, "आजी, कोणतं गाणं आवडतं?" मी सगळी सांगितली. एवढी खूश मी लेकीच्या बाळंतपणात पण नव्हते झाले. आजही आहे. दामू गेलाय म्हणून तो आनंद लपवणार नाही, कारण तो त्यानंच दिलाय.

पण आता खरं सांगते. ऐका.

गिरणीत गाणी झाली त्याच वर्षी दिवाळीला मी नवं भात नेहमीसारखं दामूकडं भरडलं. देवाच्या नैवेद्याला तांदूळ निवडायला बसले, तर सुपात चमकी. गोल, लाल, चकचकीत. मग दुसरी. मी सूप घेऊन तशीच निघाले, आळीत दहा जणींना दाखवलं. म्हटलं, "बघा गं, गिरणीचा तमाशा केलाय, देवाच्या ताटात चमकी आली." दुसऱ्या दिवसापासून माझं भात दहिवलीकडच्या गिरणीत. माझ्यामागं तुमचं. मागच्या वर्षीपण. खरं की नाही? माना खाली नका घालू, सुरुवात मी केली.

दामू काय म्हणाला माहीत आहे? "वयनी, मी तीनदा झाडली होती गिरणी. पण तुमी म्हणता तर राहिली असंल." एवढंच. पोरांना एका शब्दानं बोलला नाही.

यंदा शिमग्याच्या आधी मी पडवीतलं बारदान झटकायला काढलं. रिकामी पोती, कधी गिरणीत न गेलेली. झटकलं तर अंगणभर चमकी. मंगेश रोज घरी येऊन जाकीट त्याच ढिगावर टाकायचा. माझ्याच घरातली चमकी, माझ्याच पोत्यांत, आणि त्याच ढिगातलं पोतं मी दामूकडं नेलेलं, त्यातच त्यानं मला तांदूळ भरून दिलेला. गिरणीचा काही संबंध नव्हता.

मला कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. का? आल्बमची आजी म्हणून मिरवत होते ना. लोक म्हणतील, म्हातारीनं बिचाऱ्याची गिरणी बंद पाडली. उद्या सांगू, उद्या सांगू. आठ महिने तो रस्त्यात दिसला की विचारायचा, "वयनी, बऱ्या हाव?" आणि मी "हाय बाबा" म्हणून पुढं जायची. सांगायला किती वेळ लागला असता? आत्ता लागला तेवढाच.

काल सुरेखा म्हणाली, "काकी, गिरणीची मोटार विकून टाकते. भात येत नाय, ठेवून काय करू?" सुरेखा, विकू नको गं. बापाबरोबर उभी राहून सगळं शिकलीस तू. लोक गिरणीचे फोटो काढायला येतात, पण फोटोवर गिरणी चालत नाही. माझं भात कापून झालंय. सोमवारी आणते, पोती उलटी करून झटकून आणते. बाकीच्यांनी आपापलं ठरवा. मी कुणाला शपथ घालत नाही. फक्त दामूवर आळ होता तो आज माझ्यावर घेतला, एवढं ध्यानात ठेवा.

चला, उठा आता. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा. मोबाईल बंद करा. जरा वेळ कुणी काही बोलू नका, त्याला आठवा.

दामू, माझं चुकलं रं. जा सुखानं.